सोलो ट्रिप, साल १८९९

तुमच्या ग्रुपमध्ये एक तरी जण असा असतोच, ज्याच्या फोनमध्ये 'युरोप' नावाचं फोल्डर असतं. सेव्ह केलेल्या रील्स, हॉस्टेलच्या लिंक्स, कुठल्या तरी गल्लीतल्या निळ्या टाइल्सचे फोटो. आमच्या ग्रुपमध्ये ती व्यक्ती मी आहे. कॉलेजच्या शेवटच्या वर्षापासून माझ्या डोक्यात एकच ट्रिप घोळतेय. पोर्तुगालमधल्या पोर्तो शहरातून निघायचं आणि चालत चालत स्पेनमधल्या सांतियागोला पोचायचं. अंतर साधारण २४० किलोमीटर. जुनी यात्रेची वाट आहे, आपल्या वारीसारखी, फक्त दिंडी नाही. वाटेवर पिवळे बाण रंगवलेले असतात, ते बघत चालायचं. एकटीने.

मुलुंडच्या आमच्या घरात हा विषय काढल्यावर आईचा पहिला प्रश्न होता, एकटीच का? बाबांचा प्रश्न होता, पैसे कोण देणार? दोन्ही प्रश्न रास्त होते, आणि दोन्हींना माझ्याकडे उत्तर नव्हतं. तरी हौसेने मी शेंगेन व्हिसाचा फॉर्म डाउनलोड केला. बँक स्टेटमेंट, किमान ३० हजार युरोचं कव्हर देणारा ट्रॅव्हल इन्शुरन्स, राहण्याचं बुकिंग, परतीचं तिकीट. यादी वाचूनच दमायला झालं. पण मी अडकले ते एका साध्या रकान्यापाशी. प्रवासाचा हेतू काय? टुरिझमवर टिक केली की झालं, इतकं सोपं आहे. पण मनातल्या मनात मला त्याचं खरं उत्तर देता येईना.

त्याच आठवड्यात या पानासाठी विषय शोधताना एक माणूस भेटला. म्हणजे पुस्तकात भेटला, कारण त्याला जाऊन पाऊणशेहून जास्त वर्षं झाली. गंमत बघा, मला ज्या पोर्तुगालला जायचंय, त्याच देशाची प्रजा म्हणून तो जन्मला होता. गोव्यात. तेविसाव्या वर्षी तो एकटा घरातून निघाला आणि ओळखपाळख नसलेल्या देशांमधून, बरंचसं पायी, जवळजवळ सात वर्षं फिरत राहिला. प्रवासाचा हेतू काय, असं त्याला कुणी विचारलं असतं तर त्याने एका शब्दात सांगितलं असतं. त्याचं नाव धर्मानंद कोसंबी.

तुमच्यापैकी काहींनी इतिहासाच्या तासाला डी. डी. कोसंबी हे नाव ऐकलं असेल. हे त्यांचे वडील.

साखवाळचा मुलगा

धर्मानंद दामोदर कोसंबी. जन्म ९ ऑक्टोबर १८७६, गाव साखवाळ. तेव्हा गोव्यावर पोर्तुगीजांचं राज्य होतं आणि पुढे १९६१ सालापर्यंत ते राहिलं. घर गौड सारस्वत ब्राह्मणांचं, उत्पन्न नारळाच्या बागायतीचं. शाळा म्हणाल तर नावापुरती. थोडंफार मराठी शिक्षण झालं आणि मग तेही सुटलं. कॉलेज नाही, डिग्री नाही, इंग्रजी शाळेचं तोंडही पाहिलेलं नाही. तब्येत लहानपणापासून यथातथाच. पंधराव्या वर्षाच्या आसपास लग्न झालं. बायकोचं नाव बाळाबाई. बागायतीवर देखरेख करायची, नारळ मोजायचे आणि मिळेल ते पुस्तक वाचायचं, असं त्याचं आयुष्य चाललं होतं.

आपल्याकडे एखाद्याच्या आयुष्याला वळण देणारं पुस्तक म्हटलं की जाडजूड ग्रंथ डोळ्यांसमोर येतो. इथे ते काम एका लहान मुलांच्या मासिकाने केलं. 'बालबोध' हे त्याचं नाव. त्यात बुद्धाचं चरित्र छापून आलं होतं आणि ते या तरुणाने वाचलं. त्याच्या डोक्यात ते असं काही बसलं की पुन्हा निघालंच नाही. हा माणूस नेमकं काय सांगून गेला? त्याच्या मूळ शब्दांत ते कुठे वाचायला मिळेल? कोण शिकवेल?

आज आपण दोन सेकंदांत सर्च मारू. तेव्हाची परिस्थिती लक्षात घ्या. बुद्धाची शिकवण ज्या पाली भाषेत लिहून ठेवलेली आहे, ती शिकवणारं माणूस साखवाळला सोडाच, आख्ख्या गोव्यात मिळण्यासारखं नव्हतं. बौद्ध धर्म भारतात जन्मला, पण भारतातल्या बहुतेक भागांतून तो शेकडो वर्षांपूर्वीच नाहीसा झाला होता. त्यामुळे ज्याला तो मुळातून शिकायचा आहे, त्याला घर सोडावंच लागणार होतं.

याआधीही तो घर सोडून निघाला होता आणि परत आला होता. डिसेंबर १८९९ मध्ये तो पुन्हा निघाला, आणि या वेळी मात्र लवकर परतला नाही. मागे होती बाळाबाई आणि त्याच वर्षी जन्मलेली मुलगी, माणिक. ही गोष्ट आत्ता लक्षात ठेवा. तिच्याकडे परत यायचंय.

पुणे, ग्वाल्हेर, काशी

पहिला मुक्काम पुणे. शहरावर तेव्हा प्लेगचं सावट होतं. तिथे त्याने रामकृष्ण गोपाळ भांडारकरांना गाठलं. म्हणजे बघा, ज्याच्याकडे शाळेचा दाखलाही सांगण्यासारखा नाही, तो थेट त्या काळातल्या सगळ्यात मोठ्या संस्कृत पंडिताकडे जाऊन उभा राहिला. पाली शिकायची तर आधी संस्कृतचा पाया हवा, आणि संस्कृत शिकायचं तर काशी. मग इंदूर, उज्जैन, ग्वाल्हेर करत करत तो १९०० साली काशीला पोचला.

काशीत गरीब विद्यार्थ्यांसाठी अन्नछत्रं असत. तिथे फुकट जेवायचं आणि पंडितांकडे फुकट शिकायचं, अशी तिथली जुनी पद्धत होती. आजच्या भाषेत सांगायचं तर स्कॉलरशिप आणि मेस एकत्र. पण फक्त ऐकायलाच ती छान वाटते. कोकणपट्टीतल्या माणसाला उत्तरेतली थंडी म्हणजे काय हे आपल्यालाही कळतं. डिसेंबरात दिल्लीला गेलेले आपण मुंबईकर कसे कुडकुडतो ते आठवा, आणि अंगावर पुरेसे कपडेही नाहीत अशी कल्पना करा. साधारण दोन वर्षं त्याने असे दिवस काढले आणि संस्कृत शिकला.

इथे मला स्वतःची थोडी लाज वाटली. मी हॉस्टेल निवडताना आधी वायफायचे रिव्ह्यू वाचते.

डोंगरापलीकडे

काशीत असताना त्याला वाटलं, बुद्धाचा जन्म नेपाळच्या बाजूचा, तिकडे बौद्ध लोकही आहेत, मग धर्म तिथे जिवंत असणारच. सन १९०२ च्या सुरुवातीला तो नेपाळला निघाला. सोबत काशीतला एक नेपाळी विद्यार्थी होता.

आज मुंबईहून काठमांडूला विमानाने काही तासांत जाता येतं. तेव्हा काठमांडूच्या खोऱ्यात उतरायला गाडीरस्ताच नव्हता. भारतातून काठमांडूला जोडणारा पहिला मोटाररस्ता तयार झाला १९५६ साली. त्याआधी तराईचं जंगल ओलांडायचं, मग डोंगर चढायचे, शेवटी चंद्रगिरीची खिंड पार करायची आणि खोऱ्यात उतरायचं. राजेरजवाड्यांना डोल्या असत. बाकीच्यांना पाय.

एवढं करून तो पोचला. स्वयंभूनाथाचा स्तूप पाहिला, बौद्धनाथ पाहिला. आणि निराश झाला. जे शोधत तो आला होता ते तिथे नव्हतं. त्याला हवे होते बुद्धाच्या शिकवणीचे ग्रंथ आणि ते अर्थासह समजावून सांगणारा गुरू. दिसले ते विधी आणि कर्मकांड.

विचार करा. दोन वर्षांची तयारी, थंडीतला डोंगर, आणि समोर आलेलं उत्तर 'इथे नाही'. आपल्यापैकी बहुतेकांनी तिथून एक फोटो टाकला असता, खाली काहीतरी तात्त्विक ओळ लिहिली असती आणि घरी आलो असतो. तो घरी आला नाही. तो खाली उतरून बोधगयेला गेला. तिथे त्याला कळलं की पाली शिकायची असेल तर सिलोनला जायला हवं. म्हणजे आजचं श्रीलंका. नकाशा उघडून बघा, नेपाळहून श्रीलंका म्हणजे देशाचं एक टोक ते दुसरं टोक.

समुद्रापलीकडे

कलकत्त्यात महाबोधी सभेच्या लोकांनी मदत केली आणि मद्रासमार्गे तो १९०२ सालीच कोलंबोला पोचला. तिथल्या विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्य हे मोठे विद्वान भिक्षू होते. धर्मानंद त्यांचा विद्यार्थी झाला आणि श्रामणेरही झाला. श्रामणेर म्हणजे भिक्षू होण्याच्या आधीची पायरी. सिंहली येत नाही, इंग्रजी जेमतेम. कामाला आलं ते काशीत शिकलेलं संस्कृत, कारण पाली तिला जवळची भाषा. तीन वर्षांपूर्वी साखवाळला बसून ज्या ग्रंथांची फक्त नावं कळत होती, ते आता तो मुळातून वाचू लागला.

तिथलं जेवण मात्र त्याला मानवलं नाही. तब्येत बिघडली. वर्षभराने सिलोन सोडून तो मद्रासला आला आणि तिथून पुढे ब्रह्मदेशात गेला. म्हणजे आजचं म्यानमार.

ब्रह्मदेशातला एक तुकडा मला फार आवडतो. तिथे १९०४ साली धर्मानंदांचा सोबती होता एक जर्मन तरुण. हा वीसबाडेनचा व्हायोलिनवादक. बुद्धाचं ऐकून युरोप सोडून पूर्वेकडे निघाला होता आणि ब्रह्मदेशात भिक्षू झाला होता. न्याणतिलोक या नावाने तो पुढे जगभर ओळखला गेला. वयाने धर्मानंदांपेक्षा थोडा लहान. हे दोघं मिळून सगाईंगला गेले आणि तिथल्या एका भिक्षूकडे ध्यान शिकले. एक पोर्तुगीज गोव्यातून आलेला, दुसरा जर्मनीतून. दोघांच्याही घरच्यांना ते नेमके कुठे आहेत याचा पत्ता नसावा. आपण समजतो की बॅकपॅक घेऊन जगभर फिरणं आणि हॉस्टेलच्या डॉर्ममध्ये परक्या देशातला दोस्त भेटणं ही आपल्या पिढीची गोष्ट आहे.

मग तो भारतात परतला, आणि आता सुरू झाला खरा पायी प्रवास. बोधगया, राजगीर, श्रावस्ती, कपिलवस्तू, लुंबिनी, कुशिनारा. बुद्ध जिथे जिथे राहिला, चालला, बोलला, ती ठिकाणं त्याला डोळ्यांनी बघायची होती. अंगावर चीवर, हातात भिक्षापात्र. भिक्षूचे नियम कडक असतात. पैसे जवळ ठेवायचे नाहीत. दुपारी बारानंतर जेवायचं नाही. कुणी वाढलं तर खायचं, नाही वाढलं तर पुढे चालायचं.

आज या सगळ्या जागांची मिळून 'बुद्धिस्ट सर्किट' नावाची टूर असते, एसी बस असते. तेव्हा यातल्या कित्येक जागा नुकत्या कुठे ओळखल्या गेल्या होत्या. लुंबिनी हेच बुद्धाचं जन्मस्थान, हे सांगणारा अशोकाचा स्तंभलेख उजेडात आला १८९६ साली. म्हणजे धर्मानंद तिथे गेला त्याच्या जेमतेम आठ-दहा वर्षं आधी. आपल्या प्रत्येक नोटेवर आणि पासपोर्टवर जे सारनाथचं सिंहशीर्ष आहे, ते मातीखालून वर आलं १९०५ साली. तो चालत होता तेव्हा हा इतिहास अजून खणला जात होता. त्याच्याकडे गाइड म्हणून होते ते फक्त पाली ग्रंथ. त्यात अमुक नदी, तमुक गाव असे उल्लेख यायचे आणि तो ती नदी, ते गाव शोधत जायचा. पुढे आयुष्यभर त्याने बुद्धाबद्दल जे लिहिलं त्यात बुद्ध हा चमत्कार करणारा देव म्हणून येत नाही. तो रस्त्याने चालणारा, लोकांशी बोलणारा, भांडणं मिटवायला बघणारा माणूस म्हणून येतो. मला वाटतं, तेच रस्ते स्वतःच्या पायांनी तुडवल्याचा हा परिणाम असणार.

आणि बाळाबाई?

आता थांबूया. कारण इथपर्यंत वाचून तुम्हाला बॅग भरावीशी वाटत असेल, आणि मलाही तसंच वाटत होतं. पण मग मी तारखा मांडून बघितल्या.

डिसेंबर १८९९ ला तो निघाला. परत गोव्याला आला १९०६ च्या अखेरीस. जवळजवळ सात वर्षं. निघताना माणिक तान्ही होती. तो आला तेव्हा ती सात वर्षांची झाली होती. ज्या वयात मुलं पहिलीत जातात त्या वयात तिला बाबा भेटले.

आणि बाळाबाई. तो काळ असा, की नवरा घर सोडून गेलेल्या बाईला लोक काय काय बोलत असतील ते वेगळं सांगायला नको. विधवा नाही, सवाष्ण म्हणावं तर नवरा कुठे आहे हे कुणाला माहीत नाही. हाताशी लहान मूल. तिला कुणी विचारलं नव्हतं की तुला काय हवंय. तिला काशीला जाऊन शिकायची इच्छा झाली असती तर कुठलं अन्नछत्र तिला वाढणार होतं? धर्मानंदांच्या 'निवेदन' या आत्मचरित्रात १९१२ पर्यंतची हकिगत आहे. मराठीतलं फार प्रांजळ आत्मचरित्र म्हणून ते ओळखलं जातं. पण ती वाट त्यांची आहे. त्याच सात वर्षांचं बाळाबाईचं पुस्तक आपल्याकडे नाही.

मला हा भाग गाळून लेख लिहिता आला असता. छान इन्स्पायरिंग झाला असता. पण मी मुलगी आहे, आणि माझ्या ट्रिपचा विषय निघाल्यावर घरात जो पहिला प्रश्न आला तो 'एकटीच का' हा होता. धर्मानंदांना तो प्रश्न अडवू शकला नाही, कारण ते पुरुष होते. त्यांचं धाडस खरं आहे, आणि त्या धाडसाचं बिल कुणी तरी दुसऱ्याने भरलं हेही खरं आहे. या दोन्ही गोष्टी एकाच माणसाबद्दल एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे मला हा लेख लिहिताना कळलं.

परतल्यावर

तुमच्या लक्षात आलं असेल, आत्तापर्यंत मी त्यांना 'तो' म्हणत होते आणि मधेच 'ते' म्हणायला लागले. निघाला तो तेवीस वर्षांचा मुलगा होता, माझ्याएवढाच. परत आले ते कोसंबी गुरुजी होते.

परतल्यावर त्यांनी चीवर उतरवलं होतं आणि संसार पुन्हा स्वीकारला होता. कलकत्त्याला ते पाली शिकवू लागले. बाळाबाई आणि माणिक तिकडे गेल्या. पुढच्या वर्षी, ३१ जुलै १९०७ ला, मुलगा झाला. तोच दामोदर, म्हणजे डी. डी. कोसंबी.

कलकत्त्याची नोकरी चांगली होती. पण त्यांना वाटे की आपण शिकलो ते आपल्या माणसांना मराठीत मिळायला हवं. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी त्यांना एक देऊ केलं होतं. महाराष्ट्रात राहून काम करा, तीन वर्षं दरमहा ५० रुपये देऊ. कलकत्त्यात याहून कितीतरी जास्त पगार मिळत असता. त्यांनी तो सोडला आणि ५० रुपये घेतले. फर्स्ट जॉबच्या पॅकेजवरून रात्रभर जागणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे वाक्य परत एकदा वाचावं.

त्यानंतरची झेप बघा. हार्वर्डचे प्राध्यापक जेम्स वूड्स भारतात आले असताना त्यांना पाली जाणणारा माणूस हवा होता. त्यातून १९१० साली कोसंबी इंग्लंडमार्गे अमेरिकेला गेले. काम होतं 'विसुद्धिमग्ग' या पाली ग्रंथाची शुद्ध प्रत तयार करण्याचं. हार्वर्डला ते एकूण चार वेळा गेले. तिथेही सगळं गोड नव्हतं. पुस्तकावर श्रेय कुणाला, यावरून प्राध्यापक लॅनमन यांच्याशी खटका उडाला आणि १९१२ साली ते परत आले. ग्रुप प्रोजेक्टमध्ये आपण राबायचं आणि पहिल्या स्लाइडवर दुसऱ्याचं नाव, हे दुःख तुम्हाला माहीत असेलच. तो ग्रंथ अखेर हार्वर्डच्या मालिकेत छापून आला १९५० साली. तेव्हा कोसंबी हयात नव्हते.

मधल्या काळात, १९१२ ते १९१८, ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवत होते. शाळा अर्धवट सुटलेला माणूस कॉलेजात प्राध्यापक. पु. वि. बापट यांच्यासारखे पुढे नावाजलेले अभ्यासक त्यांचे विद्यार्थी. आणि १९१८ साली पुन्हा अमेरिकेला जाताना त्यांनी माणिक आणि दामोदर दोघांनाही सोबत नेलं. माणिक तिथल्या रॅडक्लिफ कॉलेजात शिकली. ज्या मुलीला तान्ही असताना सोडून वडील शिकायला निघून गेले, त्या मुलीला त्यांनी स्वतः समुद्रापार नेऊन शिकवलं. याने आधीची सात वर्षं भरून निघतात का, ते मी ठरवणार नाही. ते माणिक ठरवू शकली असती. पण ही गोष्ट त्यांनी केली, हे नोंदवायला हवं.

लेनिनग्राड ते पार्ले

आणि युरोप? तोही झाला. पण तुमच्या-माझ्या फोल्डरमधला नाही.

सन १९२९. कोसंबी त्रेपन्नाव्या वर्षात. रशियात क्रांती होऊन बारा वर्षं झाली होती. लेनिनग्राडमध्ये, म्हणजे आजच्या सेंट पीटर्सबर्गमध्ये, श्चेरबात्स्की या विद्वानाच्या पुढाकाराने बौद्ध विद्येची एक संस्था सुरू झाली होती. तिथून बोलावणं आलं आणि कोसंबी गेले. ज्या वयात आपल्याकडचे लोक गुडघे धरून बसतात, त्या वयात अनोळखी देश, अनोळखी लिपी आणि तिथला हिवाळा. समाजवादाबद्दल त्यांनी आधी पुष्कळ वाचलेलं होतं. आता तो देश प्रत्यक्ष बघायला मिळत होता. थंडीने मात्र तब्येतीचे हाल केले. काशीपासून थंडीशी त्यांचं जमलंच नाही. काही महिन्यांत ते परतले.

परतले ते थेट १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात. आणि आता ऐका, कारण ही जागा तुमच्या रोजच्या वाटेवरची आहे. अंधेरीहून चर्चगेटची लोकल पकडलीत की पहिलं स्टेशन विलेपार्ले. पार्ल्यात तेव्हा सत्याग्रहींची मोठी छावणी होती. हार्वर्ड आणि लेनिनग्राड बघून आलेले हे पाली पंडित त्या छावणीत काम करत होते, आणि त्यासाठी तुरुंगातही गेले. पार्ल्यात कॉलेजला जाणाऱ्या माझ्या किती मैत्रिणींना हे माहीत असेल? मलाही नव्हतं.

पुढे १९३७ मध्ये परळला, गिरणगावातल्या कामगारवस्तीत, त्यांच्या पुढाकाराने 'बहुजन विहार' उभा राहिला. हार्वर्डमध्ये वापरलेली विद्या त्यांना चाळीत राहणाऱ्या माणसापर्यंत न्यायची होती. 'भगवान बुद्ध' हे त्यांचं प्रसिद्ध पुस्तकही त्यांनी सोप्या मराठीत लिहिलं. अकरावी-बारावीची मराठी झेपली असेल तर ते सहज वाचता येतं. ४ जून १९४७ ला, स्वातंत्र्य दोन-अडीच महिन्यांवर असताना, सेवाग्रामच्या आश्रमात त्यांचा मृत्यू झाला.

चालण्याची सवय घरात राहिली, हे सांगायचं राहिलंच. मुलगा दामोदर गणितज्ञ झाला, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होता, पुण्याहून डेक्कन क्वीनने ये-जा करायचा. आणि भारताचा इतिहास लिहायचा म्हणून पुण्याच्या आजूबाजूच्या टेकड्या पायी पालथ्या घालून दगडाची आदिम हत्यारं गोळा करायचा. दामोदरची मुलगी मीरा कोसंबी समाजशास्त्रज्ञ झाली. तिने आजोबांचं 'निवेदन' इंग्रजीत आणलं, आणि तिच्या स्वतःच्या अभ्यासाचा मोठा भाग होता तो एकोणिसाव्या शतकातल्या महाराष्ट्रातल्या स्त्रियांचा. म्हणजे बाळाबाईच्या काळातल्या बायकांचा. हे वाचून मला का कोण जाणे, बरं वाटलं.

तो रकाना

तर माझा व्हिसाचा फॉर्म अजून अर्धाच भरलेला आहे. पैसे जमायला दोनेक वर्षं लागतील, असा हिशोब बाबांनी आणि मी मिळून केलाय. आईबरोबर वेगळं बोलणं चालू आहे. मी एकटी का जातेय, हे मी तिला समजावतेय, आणि तिला नेमकी कसली भीती वाटते, ते ती मला सांगतेय. हे बोलणं न करता निघणं सोपं पडलं असतं. पण साखवाळच्या त्या घरात हे बोलणं झालं नव्हतं, म्हणून मला ते करायचंय.

तोपर्यंत मी काय करतेय ते सांगते. पोर्तुगीजचे धडे सुरू केलेत, रोज लोकलमध्ये वीस मिनिटं. पायांनाही सवय लागावी म्हणून रविवारी बोरिवलीच्या नॅशनल पार्कमध्ये गेटपासून कान्हेरी लेण्यांपर्यंत चालत जातेय. एकटी. कान्हेरी म्हणजे शंभरहून जास्त लेणी, आणि ती बौद्ध भिक्षूंची. दोन हजार वर्षांपूर्वीपासून तिथे माणसं पावसाळ्यात मुक्काम करायची आणि पाऊस संपला की पुन्हा चालू लागायची. शाळेच्या सहलीला गेले होते तेव्हा मी फक्त माकडं बघितली होती.

तुमच्याही फोनमध्ये ते फोल्डर असेल तर ते डिलीट करू नका. फक्त त्यात एक नोट टाकून ठेवा, आपल्याला तिथे जाऊन नेमकं काय हवंय याची. माझी नोट अजून कोरी आहे. रविवारी कान्हेरीहून उतरताना मी रोज तिच्यात एखादी ओळ लिहिते, आणि नॅशनल पार्कच्या गेटपाशी येईपर्यंत खोडते.